चैत्रातला अनंत

चैत्र उघडला तेव्हा कृष्णाकाठचे आभाळ केशरधुंद होते. पळसांच्या ज्वाला विझत आल्या होत्या. कडुनिंबाची तांबूस, कोवळी पालवी ऊन गाळून वाईच्या त्या परसात सांडत होती. आणि विहिरीच्या कडेला अनंताचे झाड कळ्यांनी जडावले होते. हिरव्या कळ्या, पिळदार कळ्या, ओठ घट्ट मिटलेल्या कळ्या.

तो अनंत शैलजाने लावला होता, नवी नवरी होऊन आली त्या पावसाळ्यात. वाढवला मात्र थोरल्या जावेने, कावेरीअक्कांनी. एकीने रोवला, एकीने जोपासला. सुगंध दोघींच्या वेण्यांत सारखाच दरवळला.

आता घर दुभंगले होते. धाकट्यांचे बिऱ्हाड साताऱ्याला निघाले होते. भांडी वाटली गेली, पाट वाटले गेले, बोलणी कडवट झाली. शैलजाने अक्कांकडे एकच मागितले. अनंत.

"आत्ता नको गं," अक्का म्हणाल्या. "कळीवर आलेलं झाड हलवू नये. ऊनही वाढत जाणार. मृग लागला की ये, मी मुळांभोवती माती बांधून देते."

रागाला कान असतात, पण अर्धेच. शैलजाने 'नको' ऐकले. 'ये' तिने ऐकलेच नाही.

निघायच्या सकाळी अक्का देवळात गेल्या आणि तिने कुदळ उचलली. माती कठीण होती, मुळे खोल होती, हात संतापलेले होते. आत, काळोखात, तटकन काहीतरी तुटले. झाड वर आले, आणि पृथ्वीला एक ओली, उघडी जखम राहिली.

अक्का परतल्या. खड्ड्याकडे पाहिले, शैलजाकडे पाहिले. पोते भिजवून आणले आणि तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावे तशी ती मुळे गुंडाळली.

"सावलीत ठेव. आणि कळ्या सगळ्या खुडून टाक. आता त्याला फुलं पोसवायची नाहीत."

कळ्या खुडणे तिच्या जिवावर आले. एवढे हट्टाने आणलेले झाड नव्या दारात फुललेले तिला पाहायचे होते. वैशाखाच्या वणव्यात कळ्या पिवळ्या पडल्या, पाने गळाली, काळी काडी तेवढी उरली. पुढे त्या जागेवर फरशी बसली.

"जगला का गं?" अक्कांनी फोनवर विचारले.

"जगला," शैलजा म्हणाली. "फुलंही आली."

पलीकडे अक्का हसल्या. छातीवरचा दगड उतरावा तसे हसल्या.

मग दर चैत्राला फोन येऊ लागला. कोकिळेआधी अक्कांचा स्वर. "बुंध्याशी पालापाचोळा पसर, ओल टिकते." "भर दुपारी पाणी नको गं घालू, पहाटे घाल." "पानं पिवळी पडली तर पातळ ताक घालून बघ." "झालेली फुलं खुडत जा, नवी कळी धरते."

"हो, अक्का," शैलजा म्हणे. सत्य ओठांशी येई आणि घोटासारखे माघारी जाई. तळपायाखाली फरशी तापत राही. मायेचे ते सारे शिंपण, ते सारे सिंचन, दर वसंताला दगडावर पडे आणि वाळून जाई.

एका चैत्रात फोन आला नाही.

शैलजा वाईला आली तेव्हा अक्का खाटेवर होत्या. उजवी बाजू लुळी पडली होती. डोळे मात्र तेच, विहिरीसारखे खोल आणि गार.

"अनंत कसाय?" जड जिभेने त्यांनी विचारले.

"अक्का... तो त्याच वर्षी वाळला."



"मग इतकी वर्षं मी सांगत होते ते?"

शैलजाने त्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

"वाळला तर वाळला गं," अक्का थांबत थांबत म्हणाल्या. "सांगायचं होतंस. तू खणलंस तेव्हा फांद्या मोडून पडल्या होत्या. मी त्या रेतीत खोवल्या. जगल्या. एक तुझ्यासाठी राखली होती, मृगात येशील म्हणून. तुझा फुलला असं तू म्हणालीस, मग सगळ्या दिल्या गल्लीत वाटून."

"आता द्याल, अक्का? एकच फांदी?"

अक्कांनी चादरीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. दुसऱ्या कुणाची वस्तू पाहावी तसे पाहिले.

"लावून द्यायला हात कुठाय गं आता?"

शैलजाने तो हात ओंजळीत घेतला. तो गार होता. त्याने तिचा हात धरला नाही.

ती बाहेर पडली तेव्हा सांज उतरत होती, निळी, धूसर, मंदगंधी. गल्लीतल्या भिंतीभिंतीवरून अनंत वाकला होता. परक्या अंगणांत, परक्या दारांशी, शुभ्र फुलांचे थवेच्या थवे उजळले होते. एक फांदी रस्त्यावर झुकली होती. शैलजाचा हात आपसूक वर गेला.

"कोण आहे?" आतून एका बाईने विचारले.

"कुणी नाही," ती म्हणाली.

हात खाली आला. फांदी मंद हलली, हलत राहिली. आणि पांढरे फूल, हळू हळू, अंधारात मावळत गेले.