डाव्या हाताचा टाका

गल्ली त्याला भोंगा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुकानात दुरुस्तीला मिक्सर येवो की टीव्ही, बिघाड काय आहे ते तो चार दुकानांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. बारीक काम मात्र बायकोचं. तांदळाएवढ्या जागेत सोल्डरचा टाका घालावा तर तिनंच. भोंग्यानं घातला की त्याचा हरभरा व्हायचा.

गेल्या वर्षी तिची उजवी बाजू लुळी पडली. काठीच्या आधारानं पाय चालता झाला, हात काही हलेना. तेव्हापासून ती दुकानाची पायरी चढली नव्हती. "मी आता बघ्यांतली," असं ती एकदा म्हणाली आणि भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. हात गेला हे त्यानं पचवलं होतं. हातामागून तीही मनानं निघून चाललीय, हे त्याला पचत नव्हतं.

पूर्वी दुकान बंद झालं की दोघं मुलीच्या जुन्या गेमच्या डब्यावर गाड्यांची शर्यत खेळायची. मुलगी नोकरीला परगावी गेली आणि डबा यांच्या वाट्याला आला. साठी ओलांडलेल्यांनी असले उद्योग करू नयेत असं शेजारणीला वाटे. पण शेजारणीला पुष्कळच काही वाटे.

ती पुन्हा खेळली तर पुढचंही काही होईल, या आशेवर भोंग्यानं सगळा सरंजाम जमवला. डाव्या हातासाठी दांडा, डाव्या पायासाठी दोन पेडल. तिघांना तीन वायरी, चौथी त्याच्या स्वतःच्या रिमोटची, आणि डब्याला यूएसबी पोर्ट दोनच! बाहेरून जादा पोर्टांचा हब लावून पाहिला, तर वायरींच्या गुंत्यात तिची काठी अडकली आणि ती पडता पडता वाचली. म्हणून आज सुट्टीच्या दुपारी त्यानं घरी डबा टेबलावर उघडला होता. हबची सर्किटची पाटी डब्याच्या पोटात बसवायची आणि एका पोर्टाचे तीन करून बाजूला काढायचे, असा बेत. ती खिडकीपाशी पाठमोरी बसली होती.

जोडणी झाली. त्यानं तिसरी वायर खोचली आणि डब्यानं मान टाकली.

"करंट पुरत नाही!" तो भिंतीला ऐकवल्यासारखा ओरडला. "एका ताटात तिघं कसे जेवणार? लाल-काळी तार सरळ पॉवर सप्लायवरून घेतो."

ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

त्यानं तशी तार घेतली. दोन पोर्ट बोलू लागले, तिसरा मुका तो मुकाच. भोंग्यानं त्यावर आणखी सोल्डर ओतलं.

"जळतंय," ती म्हणाली.

"काही जळत नाही."

"पाटी जळतेय, वास येतोय मला. आधी तार तापवा, मग सोल्डर लावा. गोळा झालाय तो."

"तुला तिकडून काय दिसतंय?"

"तुमचा टाका बघावा लागत नाही."

काठी टेकत ती उठली, टेबलापाशी आली, वाकून पाहिलं. "अरे देवा! टाका आहे का वारूळ?" खुर्ची ओढून बसली आणि डावा हात पुढे केला. "द्या इकडे."

भोंग्यानं सोल्डरगन दिली.

तो सवयीनं तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला. इतकी वर्षं तो डावीकडून चिमट्यानं तार धरायचा आणि ती उजवीकडून टाका घालायची. आता तापलेलं टोक डावीकडूनच आलं आणि नेमकं त्याच्या अंगठ्याला चिकटलं.

"आई गं!"

"मग तिथं कशाला तडमडलात? या बाजूनं या."

तो उजवीकडे गेला. तिचा निजलेला हात टेबलावर होता. त्याला धक्का लागू न देता त्यानं वरून हात नेऊन चिमट्यानं तार धरली. टोक थरथरत आलं. दोन टाके एकमेकांना चिकटले. भोंग्यानं चिमटा तसाच घट्ट धरून ठेवला. तिनं पुसून पुन्हा घातला, पुन्हा बिघडला. तिसऱ्यांदा मात्र बारीक, चकचकीत टाका बसला. भोंग्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं पुसलं नाही; चिमटा सोडला असता तर तिनं त्याला खाल्लं असतं.

डबा चालू केला. तिन्ही वायरी लागल्या.

"चल, खेळू या!" तो म्हणाला.

तिनं दांड्याकडे पाहिलंही नाही. ती उरलेल्या दोन पोर्टांकडे बघत होती. "हे टाकेही तुमचेच ना? बंद करा तो डबा, नव्यानं घालते."

"अगं, चालू आहेत की ते!"

"आज चालू आहेत."

तो मुकाट्यानं पुन्हा चिमटा घेऊन उभा राहिला. शर्यत तशीच राहिली, आणि त्याचं त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

"आणि हे बघा," मान वर न करता ती म्हणाली, "उद्या दुकान उघडलंत की माझं स्टूल तुमच्या डाव्या हाताला लावा. रोज अंगठा भाजून घ्यायला तुम्ही काही आता तरणे नाही."