पैकीच्या पैकी

फार्मसीच्या मुलांना पेशंटशी बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे मोठं कडक प्रकरण. परीक्षेला खोटा पेशंट त्यांना चालत नसे. दवाखान्यातलाच खरा पेशंट समोर बसवायचा, मुलांनी त्याला औषध समजावायचं आणि मॅडमनी कोपऱ्यात बसून मार्क द्यायचे. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, हे त्यांचं लाडकं वाक्य.

आज सांधेदुखीचे काका आले होते. गेल्या महिन्यात गोळी नवी सुरू झाली, तेव्हा वर्गातल्या पोपटाने काकांना ती अशी धडाधड समजावली की मॅडमनी खूश होऊन पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. आज पाळी होती मौनीबाईची. ही मुलगी तोंड घरी विसरून येते, असं सगळा वर्ग म्हणे.

"काका, गोळी कशी घेता?" एवढंच विचारून ती गप्प बसली.

मॅडम मनातून चडफडल्या. नमस्कार नाही, औषधाचं नाव नाही. हिला पास तरी कसं करायचं?

काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि गाल धरला.

"तोंड आलंय का काका?" मौनीबाईने विचारलं.

"आलंय की. घास गिळवत नाही. पण गोळी रोज सकाळी, न चुकता. सून हातात आणून देते."

मॅडम ताडकन उठल्या. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्त बनायचं थांबतं, माणूस हातचा जातो.

मौनीबाईने परवानगीबिरवानगी काही मागितली नाही. "ही गोळी आता बंद, काका. चला, डॉक्टरांकडे," म्हणत तिने त्यांना उठवलं. दुसरा हात मॅडमनी धरला. डॉक्टरांनी रक्त घेतलं, काकांना लगेच दाखल केलं आणि रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले.

मॅडम खाटेशी उभ्या राहिल्या. त्यांना भयंकर भीती वाटत होती.

"काका, त्या मुलाने सांगितलं होतं ना, आठवड्यातून एकदा म्हणून? तुम्ही तर हो हो म्हणालात."

काका ओशाळले. "फार भरभर बोलत होता हो. माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. पण तुम्ही तिथं कागद घेऊन बसलेल्या. म्हटलं, आपण नाही म्हणायचो आणि पोराचे मार्क जायचे." मग त्यांनी विचारलं, "झाला ना तो पास?"