संध्याकाळी वर नेतो

वादळाचा जोर ओसरला असं बातम्यांत सांगितलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. नातसून चहा टाकते. मी मात्र उठते आणि उशी, औषधांची पिशवी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवते.

"आजी, वादळ गेलं की. आता कसली भीती?" ती हसते. तिला हे कधी नीट सांगितलंच नाही.

आमचं घर पत्रे बसवणाऱ्यांचं. सासरेही तेच काम करायचे आणि एका वादळात उडालेला पत्रा लागूनच ते गेले. तेव्हापासून घरात भीती एकच, वाऱ्याची. हवा बिघडली की आमचे हे छपरावर चढायचे, दोरखंड आवळायचे, वाळूची पोती टाकायचे आणि घरातलं माणूसन् माणूस खालच्या खोलीत आणायचे. घरामागे ओढा होता, पण त्याच्याकडे कोण बघतंय. एरवी त्यात पोरं चेंडू खेळायची.

त्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. वरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. गल्लीतली खबर सगळ्यांआधी त्यांना लागायची. वादळ येतंय म्हटल्यावर यांनी त्यांना पाठीवर घेतलं.

"अरे, राहू दे मला वरच. खाली काय भिंत बघत बसू?"

"पत्रा उडाला तर तूही जाशील बरोबर. वजन आहे का काही तुझं?"

"मी तुला नऊ महिने वागवलं, तेव्हा नाही कुरकुरले."

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. खाली येईपर्यंत दोघं हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं, वादळ कमजोर पडलं. वारा खरंच पडला होता. पाऊस तेवढा राहिला, सरळ आणि जाड. डोंगरात फार पाऊस होईल, ओढ्यांना अचानक पूर येईल, असंही पुढे सांगितलं होतं म्हणे. पण तोवर यांनी रेडिओ बंद करून हत्यारांची पिशवी उचलली होती.

"आता तरी वर ने," सासूबाई म्हणाल्या.

"सगळीकडचे पत्रे हललेत, आई. लोक खोळंबलेत. संध्याकाळी आलो की नेतो."

"ऐकलंस ना गं सूनबाई? तू साक्षीदार."

दुपारी मी भांडी घासत होते, तर मोरीतून पाणी उलटं वर आलं. मी फडक्याचा बोळा कोंबला. तेवढ्यात मागचं दारच आत कोसळलं. गढूळ, गार पाणी गुडघ्याला लागलं आणि बघता बघता मांडीपर्यंत आलं. हाका मारल्या, पण त्या पावसात कुणाला ऐकू जाणार? सासूबाईंना काखेत धरून मी उलट्या पावलांनी जिना चढू लागले. एक पायरी ओढायचं, टेकायचं, परत ओढायचं.

"सून सासूला फरफटत नेतेय," त्या म्हणाल्या, "आणि बघायला नेमकं कुणी नाही."

जिन्याच्या वळणावर माझे हात गळाले. पाणी त्यांच्या कमरेशी येऊन राहिलं, चढेना की उतरेना. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी पदराने तोंड पुसत बसले. आधी त्या थरथरत होत्या. मग थरथर थांबली. मला वाटलं, डोळा लागला.

हे तेव्हा टेकाडावरच्या एका छपरावर होते. पाणी आमच्या गल्लीत वळताना त्यांनी वरून पाहिलं. हातोडी तिथेच टाकून निघाले, पण भिंतींना धरत, पोहत घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्यांनी आईच्या गालाला हात लावला. तो गार पडला होता. पाण्यात पाठमोरे वाकले, तिचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि उठले. मी वर सरकून वाट दिली.

वरची खोली कोरडी होती. खाट, उशी, चष्मा, सगळं जागच्या जागी. त्यांनी तिला खिडकीशी निजवलं आणि मान वर करून छपराकडे पाहत राहिले. एकही पत्रा हलला नव्हता.