काकणं भरता भरता

अहो, असे जवळ सरका. कीर्तनाच्या बुवांचं पागोटं अजून बांधून व्हायचंय, तोवर टेंभुर्णीच्या भुजंगाची गोष्ट सांगतो. आजच्या पंगतीतली कढी जास्त गोड लागेल.

निजामाच्या अमलातली गोष्ट. भुजंग हैदराबादेहून कल्हईचं काम शिकून आल्ता. पितळी पातेल्याच्या पोटात असं कथील फिरवायचा, की बायांनी त्यात बघून कुंकू लावावं. त्यानं वेशीजवळ भाता मांडला आणि पहिल्या दिवशी गावातली सगळी वजनदार माणसं बोलावली. पाटलांनी आशीर्वाद दिला, पटवाऱ्यांनी दिला. काकासाहेबांनी तर दोनदा दिला, कारण जिलबी दोनदा फिरली होती.

"बिलकुल फिकर करू नको भुजंगा, आम्ही हावोत ना!"

होतेच की. रोज भात्याच्या उबेला येऊन बसायचे. पातेलं मात्र एकानंही आणलं नाही. आणतील कुठून? घरात पातेलं असतं, हे कळायला चुलीकडं पाय वळावा लागतो.

शेवटी बायको झुंबरबाईनं सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत भाता चालला न्हाई, तर माझ्या बापाकडं चला. म्हशी राखायला माणूस पाहून राह्यलेत ते."

सासऱ्याच्या म्हशी! भुजंग दसऱ्याचे दिवस बोटांवर मोजू लागला.

अशात खैरुनबी आली. घरोघर काकणं भरणारी बाई. टोपली उतरवून तिनं उबेला बसलेले आशीर्वाद एकवार न्याहाळले.

"भुजंगा, ह्यांच्यातलं कढी कोण करतं रे?"

"कोणीच न्हाई, मावशी."

"मंग ह्यांना जिलब्या कशाला चारल्या?"

भुजंगानं हात जोडले. "तू तरी घरोघर सांग."

"अशी कशी सांगू? तुझं काम कच्चं निघालं, तर उद्या माझ्यापुढं हात कोण करील?"

तिनं आधी आपलंच पातेलं दिलं. भुजंगानं ते घासलं, तापवलं, नवसागर टाकून कथील फिरवलं. खैरुनबीनं त्यात चिंचेचं सार केलं, मुद्दाम रातभर ठेवलं, सकाळी चाखलं. कळकलं नव्हतं; ना हिरवी झाक, ना कडवट चव.

मग तिची जीभ सुटली. काकणं भरताना बाईचा हात खैरुनबीच्या मुठीत. ती उठून जाणार कुठं? त्यात पाटलीणबाईंचा पंजा अवघड. "बाईसाब, तुमची कढी हिरवट का दिसते?" एवढीच चौकशी. दुसरा हात भरून होईस्तोवर पाटलांचं पातेलं भात्यापाशी हजर, आणि तिथं पाटील शेकत बसलेले!

दसऱ्याला भुजंगाला पाणी प्यायला सवड नव्हती; म्हशी राखायच्या कधी? धंद्याचंही कीर्तनासारखंच: बुवांचा गळा गोड असला तरी मागं टाळकरी लागतात. आणि बुवाच नसले, तर टाळकऱ्यांची नुसती खणखण.

त्या साली सप्त्याच्या पंगतीची मोठी डेगही भुजंगानंच उजळली. कीर्तनात नारळ मिळाले पाटलांना, पटवाऱ्यांना. काकासाहेबांनी इथंही दोनदा हात पुढं केला. आशीर्वाद त्यांचाच फळला म्हणे. खैरुनबी मांडवाच्या कडेला मान डोलावत बसली होती. भुजंग उठला आणि स्वतःला मिळालेला नारळ त्यानं तिच्या टोपलीत ठेवला.

आज पंगतीत कढी आहे. पहिला घुटका घेताना पाटलांचं नाव नका घेऊ, ते त्यांचं तेच घेतात. खैरुनबीची तेवढी आठवण ठेवा.