मनस्वीचे वाटे

तीस वर्षं मी मिरकरवाड्याच्या बंदरावर माशांची आतडी उपसतेय, पण शिसारी कशाला म्हणतात ते मला परवा कळलं.

माझी मनस्वी वीस वर्षांची. डाऊन सिंड्रोम आहे तिला. नव्या माणसाला तिचं बोलणं चटकन कळत नाही, आणि काहीही शिकायला तिला चौपट वेळ लागतो. शाळेतल्या बाईंनी हात टेकले तेव्हा मी तिला बंदरावर माझ्या शेजारी बसवली, बांगड्याचे वाटे लावायला शिकवले. वाट्यात पाच बांगडे, एका बोटाला एक. एक मोठा, दोन मधले, दोन बारके, कुणाची फसगत नको. पहिलं वर्षभर चार तरी व्हायचे नाहीतर सात. मी ओरडायचे, ती रडायची, डोळे पुसून परत बोटं पसरायची. तीन वर्षं गेली अशी. पण एकदा बसलं ते बसलं. आता मी चुकले तर माझाच हात धरते. "आये, चारच!"

माझ्यामागे हिचं कसं व्हायचं, हा घोर होताच. म्हणून या दसऱ्याला तिची वेगळी टोपली मांडून द्यायची, असं मी ठरवलं होतं.

परवा नव्या सोसायटीतली एक बाई आली. नेहमीचं गिऱ्हाईक. मनस्वीने हसत वाटा उचलून पुढे केला, तशी बाईने पिशवी मागे ओढली.

"मावशी, तुम्ही द्या ना. हिच्या हातचं नको. कसंतरीच वाटतं."

शी! मेलीला रक्त चालतं, आतडी चालतात, माझे खवल्यांनी भरलेले हात चालतात, आणि माझ्या पोरीचे नकोत? साबणाने हात धुतल्याशिवाय माझी पोर टोपलीला शिवत नाही.

शेजारी बसणारी वैष्णवी कुजबुजली, "जाऊ दे गो वैनी, गिऱ्हाईक घालवू नको."

मी चांगली हासडणार होते. आणि केलं काय? मनस्वीच्या हातातला वाटा काढून घेतला, टोपलीत परत ओतला, माझ्या हाताने पाच बांगडे वेचून त्या बाईला दिले. वर दात काढले. "तिला काय कळतंय हो, मनावर घेऊ नका," म्हटलं. पोरीच्या देखत! थू माझ्या जिंदगानीवर. त्या बाईपेक्षा माझीच मला किळस आली.

घरी आल्यावर मनस्वी न्हाणीत शिरली ती बाहेर येईना. बघते तर साबण निम्मा संपलेला, हात लालभडक. दोन्ही हात तिने माझ्या नाकापुढे धरले.

"आये, आता?"

ते हात धरून मी रडले. चुकलं गो माझं, असं दहा वेळा म्हटलं.

आज ती बाई परत आली. मी उभी राहिले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं बोलले, "वाटे माझी मनस्वी लावणार. तिच्या हातचं पाहिजे तर थांबा, नाहीतर चालायला लागा." बाई तोंड वाकडं करून गेली. वैष्णवीसुद्धा म्हणाली, "बरं केलंस."

मी मनस्वीकडे वळले. "लाव गो बाय, वाटा लाव."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"तू लाव," ती म्हणाली. "माझा हात नको."

पाच बांगडे शिकायला तिला तीन वर्षं लागली. हे मी तिला एका सकाळीत शिकवलं.