पाणी म्हण, मग देतो

माझे सासरे मधुकरराव, आमचे मामाजी, म्हणजे भंडाऱ्यातलं चालतंबोलतं व्याकरण. शाळेतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण तपासणं काही सुटलं नाही. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, पुढाऱ्याचा फलक, कशालाच सोडायचे नाहीत. एका वर्तमानपत्रात 'गुगलणे' छापून आलं, तर संपादकांना लांबलचक पत्र धाडलं. आमच्या घरी भाजीत मीठ विसरलं तरी चालायचं, पण 'फॉरवर्डलं' म्हटलं की हे ताटावरून उठायचे.

आणि नेमक्या माझ्या सासूबाई त्या शब्दांच्या कारखानदार! शोभाताई आंधळगावच्या विणकराची लेक, शाळा जेमतेम चौथी. माझ्या नणंदेनं, भावनानं, मोबाईल घेऊन दिला आणि बाईंना पंखच फुटले. "करुणा, तो फोटो भावनाले व्हॉट्सपव. हा डिलीटून टाक, यात मी जाडी दिसून राहिली." मामाजी बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "शोभा, हे मराठी आहे का?" त्या पदर तोंडाशी धरून हसायच्या. लग्न झाल्यापासून नवरा त्यांच्या 'मले'चं 'मला' करत आला होता. त्याला छळायला आता नवं हत्यार हाती लागलं होतं. मला त्या भारी आवडायच्या.

दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. सकाळी कणीक मळता मळता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेलेली. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "त्यांना बोलतं ठेवा. कोणताही शब्द येऊ द्या, चुकीचा असला तरी. या सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं बोलतील तेवढं परत येईल. बोलणं सोडलं, तर मग कठीण आहे." मामाजी डोळे पुसत ऐकत होते. खोटं कशाला बोलू, ते रडत होते.

पहिला शब्द आला तो जेवताना. सासूबाईंनी डाव्या हातानं ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "डिलीटव." माझा नवरा चंदन लहान पोरासारखा रडला. मग भूक लागली की 'चार्जव', टीव्ही नको असला की 'म्यूटव', आणि पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट करून 'डाउनलोडव'. भात, पाणी, मीठ, सगळे जन्माचे शब्द कुठे गेले कोण जाणे, आणि हे कालचे पाहुणे तेवढे घरात राहिले. पण आम्हाला सगळं कळत होतं. माझा तर आनंद गगनात मावत नव्हता.

मामाजींना मात्र ते सोसलं नाही. "ही शोभा बोलत नाही, तो मोबाईल बोलतो," असं म्हणाले. त्यांना आपली बायको परत हवी होती, आणि परत आणायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, ती वर्गातली. सकाळी चंदन फॅक्टरीच्या बसनं जवाहरनगरला गेला की हे खुर्ची ओढून पलंगाशी बसायचे. हातात पाण्याचा पेला.

"डाउनलोडव," त्या म्हणायच्या.

"पाणी म्हण, मग देतो."

"डा..."

"चूक. पा-णी."

त्यांच्या कपाळावर घाम यायचा. ओठ वळायचे, थरथरायचे, पण 'पाणी' काही यायचं नाही. शेवटी मामाजी पाणी द्यायचे, ते काही निर्दय नव्हते. पण 'चूक' म्हटल्याशिवाय द्यायचे नाहीत. मी एकदा अडवायला गेले. "करुणा, मी पिढ्या शिकवल्या आहेत," असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं.

मार्चमध्ये एक दिवस मावशीकडच्या लग्नाला मी लाखांदूरला गेले होते, चंदन फॅक्टरीत. संध्याकाळच्या एसटीनं परतले आणि तडक सासूबाईंच्या खोलीत गेले. ओठ सुकून फुटलेले, डोळे खोल गेलेले, आणि उशाशी पाण्याचा पेला भरलेला तसाच. मामाजी शेजारीच बसले होते, चांगले समाधानी.

"आज अगदी शहाण्यासारखी होती," ते म्हणाले. "दिवसभरात एकही चुकीचा शब्द काढला नाही."

"मामाजी, त्यांनी शब्दच नाई काढला!" मी ओरडले. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. "तहानल्या राहिल्या, पन मागितलं नाई. त्यांले पानी पायजे होतं आन् तुमाले शब्द!"

मी चमच्यानं पाणी पाजायला लागले. मामाजी भिंतीला टेकून बघत राहिले. मग पुढे येऊन त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, पलंगाशी जमिनीवर बसले, आणि स्वतः या घरात कधी न बोललेल्या बोलीत म्हणाले, "शोभा, डाउनलोडव म्हन. मले चालते. काईबी म्हन, पन बोल." बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला.

सासूबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तोंड उघडलं. मग डावा हात उचलून त्यांनी आपल्याच तोंडावर ठेवला आणि बोटांआडून म्हणाल्या, "नको. चुकन."

चुकेल, म्हणून नको. आजारपणानंतर त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले घरचे शब्द.

आता त्या माझ्याशी तेवढ्या बोलतात, थोडंसंच, आणि तेही दार लोटलेलं असलं तर. मामाजी खोलीत आले की हात तोंडावर जातो. मामाजींना ते कळलंय. मी भरवायला बसले की ते दाराबाहेर येऊन उभे राहतात. खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबतात, आतला आवाज थांबू नये म्हणून. मी ताट घेऊन बाहेर आले की हळूच विचारतात, "आज काय काय म्हणाली?"

मी सांगते. चार्जव म्हणाल्या, म्यूटव म्हणाल्या. ते मान हलवत एकेक शब्द ऐकून घेतात, कुठेही अडवत नाहीत.

"आणि मला काही?"

मी नळ सोडते आणि ताट घासायला घेते.