खंडेनवमीचं वारं

पाटावर मांडलेल्या पान्ह्यांना हळदकुंकू लावून जालिंदर यंत्राला झेंडूची माळ घालत होता, तोच वर पवनचक्कीची पाती फिरू लागली. ऑक्टोबरचा अख्खा पंधरवडा ती ढिम्म होती आणि फिरायला मुहूर्त काढला तो नेमका खंडेनवमीचा.

दोन हजार चार साल होतं. शिरूरजवळच्या या डिस्टिलरीत मळी आंबताना टाक्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नुसता हवेत जायचा. तिथल्या केमिस्ट मायामॅडमनी तो नळीत धरला. पवनचक्कीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि या दोन वायूंपासून विमानाला चालेल असं तेल करायचं, असा त्यांचा खटाटोप होता. लोक हसायचे. दौंडच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेला फिटर जालिंदर मात्र त्या यंत्रात पार गुंतला होता. एकूण एक नळी त्यानेच जोडलेली. दसरा उलटला की संचालक येणार होते. तेल दिसलं तरच प्रयोग पुढे चालणार होता आणि यंत्राखाली तेलासाठी लावलेली बाटली अजून कोरडी होती.

मॅडमनी लगबगीने यंत्र सुरू केलं, तर एक सांधा फुसफुसू लागला. तो आवळल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं होतं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि पूजेतल्या पान्ह्यांकडे पाहिलं. आजच्या दिवशी हत्यार वापरायचं नाही म्हणून जालिंदर घरचा गळका नळसुद्धा आवळत नसे. उद्याही वारा असेल, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा त्यांनाच भरवसा नव्हता.

जालिंदरने हात जोडले आणि पाटावरचा पान्हा उचलला.

"म्याडम, वारं काय आपल्यासाठी थांबायचं न्हाई. देवाचं मी बघतो, तुम्ही मशीन बघा."

संध्याकाळी बाटलीच्या तळाशी पाण्यासारखं नितळ तेल साठलं. जन्मभर डिझेलमध्ये हात घातलेल्या जालिंदरला ते पाहून भरून आलं.

दसऱ्यानंतर आलेल्या संचालकांनी बाटली उजेडात धरली, तोंडभर कौतुक केलं आणि असलं महागडं तेल परवडत नाही म्हणून प्रयोग बंद केला. सामान गोदामात टाकायचं ठरलं.

यंत्र खोलायचं काम जालिंदरने मागून घेतलं. एकेक नट काढून तो आट्यांना ग्रीस लावत होता, फडक्यात गुंडाळत होता. गोदामातच पडून राहणार हे सगळं, कशाला एवढं करता, असं मॅडमनी विचारलं.

"कुनीतरी परत जोडंल की," तो मान वर न करता म्हणाला. "तवा त्याला गंजल्यालं मिळाया नगं."

मॅडम त्याच्या शेजारी खाली बसल्या आणि त्यांनी ग्रीसच्या डब्यात बोटं बुडवली.